निदानाविना निर्मूलन

२०२३ या वर्षाची आकडेवारी हाती येताच केंद्रीय आरोग्य खात्याने एक विजय जाहीर केला. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांतील ५४ जिल्हे व त्यांतील ६३३ प्रखंड (आपल्याकडील पंचायत समितीच्या क्षेत्राएवढा हा टापू) कालाजाराने ग्रस्त मानले जातात. त्या सर्वच्या सर्व प्रखंडांत या रोगाचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एका रुग्णाच्या खाली आले, असे सरकारचे म्हणणे आहे. ही अवस्था सलग तीन वर्षे टिकली की जागतिक आरोग्य संघटनेकडे प्रमाणपत्र मागता येते. बांगलादेशाने ते ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळविले, आणि ते मिळविणारा तो जगातील पहिला देश ठरला.

या विजयाला मुदती किती लागल्या, हेही नोंदविले पाहिजे. २००२ सालच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१० ही मुदत घातली. २००५ साली भारत, नेपाळ व बांगलादेश यांनी मिळून २०१५ ठरविली. २०१७ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्र्यांनी त्याच वर्षाअखेरचा वायदा केला. मग २०२० आले, मग २०२३. मुदत चुकणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु ज्या कार्यक्रमाची मुदत चार वेळा चुकली, त्याच्या अधिकाऱ्यांवर पाचव्या वेळी आकडा खाली दाखविण्याचा किती दाब असेल, याचा विचार आकडा स्वीकारण्यापूर्वी केलेला बरा.

घसरण खोटी आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. १९९२ साली सरकारदरबारी ७७,१०२ रुग्ण व १,४१९ मृत्यू नोंदले गेले होते. आज वार्षिक नोंद हजाराच्या आत आहे. पूर्वी अँटिमनीची इंजेक्शने महिनाभर घ्यावी लागत, आणि उत्तर बिहारात तर नव्वदच्या दशकाअखेर निम्म्याहून अधिक रुग्णांवर ती निष्प्रभ ठरू लागली होती. २०१४ पासून लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच डोस शिरेतून दिला जातो आणि बहुतेक रोगी बरा होतो. घरोघर फवारणी झाली. गावोगावच्या आशा कार्यकर्त्या तुटपुंज्या मोबदल्यावर दारोदार फिरल्या. या यशाचा मोठा वाटा त्यांचा आहे, आणि विजयाच्या निवेदनांत त्यांचे नाव शेवटच्या ओळीत येते, हा भाग वेगळा.

प्रश्न निराळाच आहे. सरकार ज्यांना मोजते ते रोगी नव्हेत. ज्यांच्या रोगाचे निदान झाले आणि ते निदान सरकारी वहीत उतरले, ते मोजले जातात. या दोहोंमध्ये किती अंतर पडू शकते, याचा पुरावा बिहारनेच दिला आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रत्यक्ष रुग्ण सरकारी नोंदीच्या आठपट आढळले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत चौपट. अंतर कमी झाले, ते आज आणखी कमी असेल. पण ते शून्यावर आले आहे असे मानून प्रमाणपत्र मागणे आणि ते शून्यावर आहे की नाही हे तपासणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी पैसा लागतो, माणसे लागतात, आणि हाती आलेला आकडा वाढण्याची भीती असते.

वाचकांपैकी फारच थोड्यांनी हा रोग पाहिला असेल, म्हणून त्याची ओळख करून देणे इष्ट ठरेल. लीशमानिया डोनोव्हानी नावाचा एकपेशीय परजीवी वाळूमाशीच्या चाव्यातून माणसाच्या शरीरात शिरतो. ही माशी डासाहून लहान. मातीच्या भिंतींतील भेगा, गोठ्यातील ओल, शेणामातीचा कचरा ही तिची घरे. परजीवी प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा यांत वाढतो. ताप येतो आणि आठवडेच्या आठवडे राहतो, पाणथरी बरगडीखालून बेंबीपर्यंत उतरते, रक्त आटते, देह काष्ठवत होतो आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो. कातडी काळवंडते म्हणून काळा आजार. मराठी माणसाला या नावाचा उलगडा करून सांगावा लागू नये. आसामातील गारो लोक मात्र त्याला 'सरकारी बिमारी' म्हणत, कारण इंग्रजांच्या राज्याबरोबर आणि त्यांच्या रस्त्यांबरोबर ही साथ आपल्या डोंगरांत चढली असे त्यांना दिसत होते.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पुढची. भारतात या परजीवीचा साठा जनावरांत नाही, माणसातच आहे. रोगी माणसाला चावलेली माशी निरोगी माणसाला चावते. मध्ये दुसरा दुवा नाही. त्यामुळे निदान न झालेला प्रत्येक रोगी हा रोगाचा कारखाना होय, आणि एका माणसाचे लवकर निदान म्हणजे त्याच्या साऱ्या वस्तीचे संरक्षण. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर निदान हा येथे सार्वजनिक हिताचा माल आहे. त्याचा लाभ समाजाला मिळतो. किंमत कोण मोजतो, ते पुढे पाहू.

निदान अवघड असणे ही या रोगाची जन्मखूण आहे. १८८९ साली आसामात चौकशीसाठी पाठविलेल्या जाईल्स या लष्करी डॉक्टराने तो अंकुशकृमीचा आजार ठरविला. १८९६ मध्ये लिओनार्ड रॉजर्स गेला. त्याने तो हिवतापाचा तीव्र प्रकार ठरविला. हिवतापाच्या परजीवीचा डासातील प्रवास उलगडणारा रोनाल्ड रॉस हाही त्याच मताकडे झुकला. हे कोणी ऐरेगैरे नव्हते. तिघेही बुद्धिमान, तिघेही प्रत्यक्ष रोगी पाहिलेले. पण तापाने फणफणलेला, फिकुटलेला, पोट पुढे आलेला कुली समोर असता त्याला कोणते नाव द्यावे, हे डोळ्यांनी ठरत नाही. तोवर नौगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दशकात जवळपास एकचतुर्थांशाने घटली होती. १९०३ साली लीशमन आणि मद्रासचा डोनोव्हन यांनी प्लीहेतील परजीवी जगापुढे मांडला आणि रोगाला त्याचे खरे कारण मिळाले. वीस वर्षांच्या आत कलकत्त्याच्या कॅम्पबेल वैद्यक शाळेतील एका कोंदट खोलीत उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी यूरिया स्टिबामाइन हे औषधही तयार केले.

परजीवी सापडला, पण त्याला रोग्याच्या अंगातून बाहेर काढून दाखविणे सोपे झाले नाही. पाणथरीत सुई खुपसून काढलेल्या द्रवात तो शंभरांपैकी ९३ ते ९९ रुग्णांत दिसतो. परंतु सुई चुकली वा रक्त गोठण्याची शक्ती क्षीण असली तर पोटात रक्तस्राव होतो आणि सुमारे हजारात एकजण त्यापायी मरतो. अस्थिमज्जा काढणे त्या मानाने निर्धोक. पण तेथे परजीवी कधी निम्म्याच रोग्यांत दिसतो, कधी ८६ टक्क्यांपर्यंत. त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा, रंग हवेत, आणि तासभर काचपट्टीवर नजर रोखून बसणारा जाणकार हवा. वैशाली वा समस्तीपूर जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात हे तिन्ही एका वेळी असण्याचा योग विरळाच. म्हणून अनेक दशके नेपियरची फॉर्मालिन चाचणी चालली. रक्तजलात फॉर्मालिनचा थेंब टाकायचा. ते उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे गोठले की कालाजार. ही चाचणी स्वस्त होती, आणि रोग सुमारे तीन महिने मुरल्याखेरीज ती बोलतच नसे. इतर आजारांतही ती होकार देई. गल्लीबोळांतील प्रयोगशाळांनी तिच्यावर बरा धंदा केला आणि तिच्या भरवशावर अँटिमनीसारखे विषारी औषध कित्येकांच्या शिरांत गेले. औषध पुढे निष्प्रभ झाले, त्याला अशा बेहिशेबी वापराचा हातभार लागला, हे जाणकारांनी वारंवार सांगितले आहे.

१९९८ साली आरके-३९ नावाची पट्टी बिहारातील रुग्णांवर तपासली गेली आणि चित्र पालटले. बोटाच्या टोकाचे रक्त, काही मिनिटांचा अवधी, दोन रेघा उमटल्या की होकार. भारतीय उपखंडात ती उत्तम चालते. पूर्व आफ्रिकेतील कालाजारात मात्र तीच पट्टी पुष्कळ रुग्ण चुकविते. परजीवीच्या जातीजातींत आणि माणसामाणसांत फरक असतो, आणि एका मुलखातील चाचणी दुसऱ्या मुलखात आंधळी ठरू शकते, एवढे यातून लक्षात घ्यावे.

या पट्टीच्या यशामुळेच तिची मर्यादा झाकली गेली. ती परजीवी पाहत नाही. परजीवीविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे ती पाहते, आणि प्रतिपिंडे रोग बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने, कित्येकांत वर्षानुवर्षे टिकतात. चोर निघून गेला तरी कुत्रे भुंकत राहावे, तसा हा प्रकार. म्हणून एकदा कालाजार झालेल्या माणसाला पुन्हा ताप आला तर तो रोग उलटला आहे की दुसराच काही ताप आहे, हे पट्टी सांगू शकत नाही. ग्रस्त भागातील काही निरोगी माणसांतही ती होकार देते, कारण परजीवी त्यांच्या अंगात शिरून रोग न करता राहून गेलेला असतो. याकरिता नियम असा केला आहे की, दोन आठवड्यांहून अधिक ताप, वाढलेली पाणथरी आणि मग पट्टीचा होकार, या तिन्ही गोष्टी जुळाव्यात.

कागदावर नियम निर्दोष आहे. आता तो मुसहर टोल्यात नेऊन पाहावा. कालाजाराचा भार ज्या जातींवर सर्वाधिक पडला त्यांत मुसहर अग्रभागी आहेत: भूमिहीन, गावकुसाबाहेर राहणारे, मातीच्या कुडाच्या झोपड्यांत गुरांशेजारी निजणारे. २००७ नंतर बिहार सरकारने त्यांना 'महादलित' हे नवे नाव दिले. भिंती मातीच्याच राहिल्या. रोजंदारीवर जगणारा मनुष्य ताप आठवड्यांनी मोजत नाही. ताप चढतो, उतरतो; उतरला त्या दिवशी तो कामावर जातो, कारण न गेला तर चूल पेटत नाही. पहिल्या आठवड्यात तो गावातल्या बिनपदवीच्या डॉक्टराकडे जातो, जो उधारीवर गोळ्या देतो. मग हिवतापाची औषधे, मग विषमज्वराची, मग सलाइनची बाटली. सावकाराकडे जाणे तोवर झालेले असते. सरकारी दवाखान्यात पट्टी फुकट आहे, औषध फुकट आहे, हे सारे खरे; परंतु त्या फुकटापर्यंत पोचण्याआधी त्याने गमावलेली मजुरी, घेतलेले कर्ज, विकलेली बकरी यांचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो.

बिहार सरकार निदान झालेल्या रुग्णाला मुख्यमंत्री निधीतून ६,६०० रुपये देते आणि केंद्राचे ५०० रुपये वर मिळतात. योजना चांगली आहे, बंद पडू नये. पण तिची रचना पाहावी. पैसा मिळतो तो निदानानंतर. खर्च होतो तो निदानापूर्वी. ज्याच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली नाही त्याने दवाखान्यापर्यंतचा दिवस आणि भाडे स्वतःच्या पदरचे घालवले. पुढच्या वेळी ताप आला की तो येणार नाही, आणि त्याच वेळी कदाचित तो कालाजार असेल. समाजाला हव्या असलेल्या मालाची किंमत समाजातल्या सर्वांत दरिद्री माणसाने आगाऊ मोजावी, आणि तो चुकीच्या तापाने आजारी पडला असल्यास ती बुडीत खाती जावी, असा हा व्यवहार आहे.

यावर अधिकाऱ्यांचे उत्तर असे असते की, रुग्ण कमी झाले, आता उरलेल्यांना हुडकणे सोपे झाले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, आणि ते समजायला शाळेतले गणित पुरे. समजा, दीर्घ तापाचे १,००० रोगी तपासले आणि त्यांतील २०० जणांना खरोखर कालाजार आहे. चाचणी शंभरांतील ९५ खरे रुग्ण ओळखते आणि रोग नसलेल्या शंभरांतील दहांना चुकीने होकार देते, असेही धरू. तर होकार येतील २७०, त्यांतील १९० खरे. दहांतील सात होकार भरवशाचे. आता रोग ओसरला आणि त्याच १,००० तापकऱ्यांत कालाजाराचे १० च रोगी उरले. चाचणी तीच, हात तेच. होकार येतील सुमारे १०९, आणि त्यांतील खरे नऊ किंवा दहा. म्हणजे अकरा होकारांत एक खरा! पट्टी बिघडलेली नाही. रोग विरळ झाला म्हणून तिचा शब्द हलका झाला. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण न्याय कोणत्याही चाचणीला लागू आहे.

अशा वेळी दोन मार्ग उरतात. होकार आलेल्या प्रत्येकाला जिल्हा रुग्णालयात नेऊन परजीवी प्रत्यक्ष दाखवायचा. त्यासाठी पाणथरीतून वा मज्जेतून द्रव काढणारे हात हवेत, आणि पट्टीच्या पंचवीस वर्षांत ती विद्या मोजक्या संस्थांपुरती उरली. किंवा मग ज्यांच्याबद्दल खात्री नाही त्यांना वहीत न घेणे. दुसरा मार्ग सोपा आहे, आणि मुदत डोक्यावर असताना तो सोयीचाही आहे. येथे कोणी लबाडी करतो असे म्हणायचे नाही. लबाडीची गरजच पडत नाही. ताप तपासायला सांगणारा हुकूम सैल केला की आकडा आपोआप उतरतो.

त्यातही काही रुग्ण असे आहेत की जे या साऱ्या यंत्रणेच्या नजरेत येण्याजोगेच नाहीत. कालाजार बरा झाल्यावर काही महिन्यांनी वा वर्षांनी काही जणांच्या कातडीवर फिकट चट्टे, पुढे गाठी उमटतात. ब्रह्मचारी यांनीच १९२२ साली या त्वचारोगाचे प्रथम वर्णन केले. भारतात बऱ्या झालेल्या दर शंभर रुग्णांत साधारण पाच ते दहांना तो होतो, आणि काहींना तर पूर्वी कालाजार झाल्याची आठवणही नसते. या माणसाला ताप नाही, अशक्तपणा नाही. तो शेतात राबतो, लग्नकार्याला जातो. चट्टे कोडासारखे वा महारोगासारखे दिसतात, आणि महारोगाच्या गोळ्या खाऊन वर्ष घालविलेले असे रोगी डॉक्टरांच्या परिचयाचे आहेत. फिकट चट्ट्यातून घेतलेल्या नमुन्यात परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा सापडत नाही. आणि याच चट्ट्यांवर चावलेल्या वाळूमाशीला परजीवी मिळतो, हे बांगलादेशातील रुग्णांवर केलेल्या प्रयोगाने २०१९ साली सिद्ध झाले. दोन साथींच्या दरम्यान रोग कोठे दडून बसतो, याचे उत्तर या कातडीत आहे. उपचार बारा आठवड्यांचा. ज्याला काही दुखत नाही त्याने बारा आठवडे उलट्या करविणारी औषधे का घ्यावीत? स्त्रियांची अडचण याहून मोठी, कारण चट्टा लुगड्याआड असला तर तो पुरुष डॉक्टरापुढे येतच नाही, आणि चेहऱ्यावर असला तर लग्न मोडण्याच्या भीतीने घरचे लोकच तो झाकतात. ज्या एका प्रखंडाने दहा हजारी एकाची मर्यादा गाठली, तेथे असे किती चट्टेवाले आहेत हे त्या मर्यादेत मोजले जात नाही. ती मर्यादा फक्त तापाच्या कालाजाराची आहे.

एचआयव्हीची बाधा झालेला कालाजाराचा रोगी ही दुसरी अडचण. त्याच्या शरीराला प्रतिपिंडे पुरेशी तयार करता येत नाहीत, म्हणून पट्टी त्याला नाकारू शकते. अंगात परजीवी मात्र भरपूर. रोग पुन्हा पुन्हा उलटतो, आणि उलटलेला रोग पट्टीला ओळखता येत नाही हे वर आलेच आहे. हा मनुष्य बहुतेक वेळा पोटासाठी परमुलखी गेलेला मजूर असतो.

येथे महाराष्ट्राचाही संबंध येतो. मुंबई-पुण्याच्या इमारती, भिवंडीचे माग, गोदामे यांत राबणारा बिहारी मजूर आपल्याबरोबर गावचा ताप आणतो. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत कालाजाराचे असे रुग्ण आढळले आहेत. आपल्याकडील डॉक्टराला ताप आणि पाणथरी दिसली की प्रथम हिवताप, मग विषमज्वर, मग क्षय, मग रक्ताचा कर्करोग सुचतो. तो हुशार असतो, पण हा रोग त्याने पुस्तकातच पाहिलेला असतो. 'तुझे गाव कोणते?' हा एक प्रश्न विचारला तर महिना वाचेल. पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात परप्रांतीय मजुराला गाव विचारण्याची रीत नाही. ते विचारले जाते ते निराळ्या हेतूने, निराळ्या राजकारणात.

नकाशाचा प्रश्नही याला लागूनच आहे. नेपाळने प्रथम तराईतील १२ जिल्ह्यांत कार्यक्रम आखला. पुढे डोंगराळ जिल्ह्यांतही रुग्ण दिसू लागले आणि जिल्ह्यांची यादी वाढवावी लागली. भारतात हिमाचलातील सतलजचे खोरे, केरळ अशा ठिकाणी स्थानिक रुग्ण सापडले आहेत; ५४ जिल्ह्यांच्या हिशेबात ते नाहीत. शिवाय मर्यादा प्रखंडाची आहे. बिहारातील प्रखंडाची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. तेथे वर्षाला १९ रुग्ण झाले तरी मर्यादा पाळली गेली. हे १९ जण सहाशे वस्तीच्या एकाच मुसहर टोल्यात असतील, तर त्या टोल्यात दर दहा हजारी तीनशेहून अधिक असे प्रमाण झाले. म्हणजे तेथे साथ चालू आहे आणि प्रखंड मात्र रोगमुक्त. जमिनीची, मजुरीची, साक्षरतेची सरासरी काढून दलित वस्तीचे दैन्य गावाच्या समृद्धीत विरघळविण्याची ही युक्ती या देशाला नवी नाही. भाषाही तिच्या मदतीला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिभाषेत 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूर करणे' एवढाच मर्यादित अर्थ अभिप्रेत आहे. हिंदी फलकांवर तोच 'उन्मूलन' म्हणजे मुळासकट उपटणे होतो, आणि जे मुळासकट उपटले त्यासाठी पुढील वर्षी पैसे कशाला, असे वित्त खाते विचारू लागते.

असे पूर्वी एकदा झालेले आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ पासून निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीने डासांबरोबर वाळूमाशीही मेली आणि कालाजार जवळजवळ दिसेनासा झाला. तो कोणी मुद्दाम घालविला नव्हता. तो आनुषंगिक लाभ होता. फवारणी थांबली. डॉक्टरांची एक पिढी तो न पाहताच शिकून बाहेर पडली. सत्तरच्या दशकात वैशाली, मुझफ्फरपूर या भागांत तो परतला आणि १९७७ पर्यंत उत्तर बिहारात मोठी साथ भडकली, तेव्हा तापाने मरणाऱ्यांना काय झाले आहे हे ओळखायलाच वेळ गेला. परतलेल्या रोगाला आधीच्या विस्मरणाने वाट करून दिली. आज औषधाचा मोठा भाग एका अमेरिकी कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेमार्फत दिलेल्या देणगीवर अवलंबून आहे; रुग्ण शेकड्यांवर आल्यावर देणगीदाराचे लक्ष किती काळ टिकेल? परजीवी प्रत्यक्ष दाखविणारी, साध्या दवाखान्यात चालणारी, लघवी वा रक्तातील प्रतिजन ओळखणारी चाचणी हवी आहे हे तज्ज्ञ कित्येक वर्षे सांगत आहेत. बाजार ती करणार नाही, कारण गिऱ्हाईक मुसहर आहे आणि गिऱ्हाइकांची संख्या घटत आहे. हे काम सरकारी प्रयोगशाळांचे आहे, आणि त्यासाठी लागणारा पैसा विजयोत्सवाच्या जाहिरातींहून फार नसावा.

दरम्यान, नवी चाचणी येईपर्यंत करण्याजोगे पुष्कळ आहे. तपासणीसाठी आलेल्या प्रत्येक दीर्घ तापकऱ्याला, पट्टीने होकार देवो वा नकार, त्या दिवसाची किमान मजुरी रोख मिळाली पाहिजे. गेल्या दहा वर्षांत उपचार घेतलेल्या प्रत्येकाचे नाव सरकारी वहीत आहे; त्या यादीवरून स्त्री कार्यकर्त्यांनी वर्षातून दोनदा घरी जाऊन कातडी पाहिली पाहिजे, आणि आशांना त्यासाठी मोबदल्याऐवजी वेतन मिळाले पाहिजे. कालाजाराच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी आणि प्रत्येक ग्रस्त जिल्ह्यात परजीवी दाखवू शकणारे एक तरी केंद्र, याला पर्याय नाही. मुंबई, सुरत, दिल्ली, लुधियाना येथील मोठ्या सरकारी रुग्णालयांत ही पट्टी ठेवणे हा काही डोईजड खर्च नव्हे. आणि प्रमाणपत्र देण्यासाठी जी समिती येईल तिच्यापुढे रुग्णांची वही ठेवण्याआधी तपासलेल्या तापकऱ्यांची वही ठेवावी: कोणत्या टोल्यात, कोणत्या महिन्यात, दोन आठवड्यांहून अधिक तापाची किती माणसे तपासली, किती नकार आले, आणि कोणत्या टोल्यात वर्षभर एकही पट्टी उघडली गेली नाही.